पावसाळ्यातला घोडा

इंग्रजीतल्या ‘फ्रीलान्स’ या शब्दाला ‘मुक्त’ हे विशेषण चिकटवून मराठीने आपली सुटका करून घेतली. मुक्त पत्रकार, मुक्त छायाचित्रकार, मुक्त अनुवादक. अनुवादावरच पोट असल्यामुळे या शब्दाशी माझे जुने भांडण आहे. ‘मुक्त’ म्हटले की कुणीतरी बंधने झुगारून, झोळी खांद्याला लावून निघाल्याचा भास होतो. एक काम संपले आहे, दुसरे अजून आलेले नाही, आणि मधल्या दिवसांतही घरभाडे ठरल्या तारखेला द्यायचे आहे, असा माणूस त्या शब्दात कुठेच दिसत नाही. इंग्रजी शब्दात तो अंधुक का होईना दिसतो, कारण मुळात तो भाडोत्री सैनिकांचा शब्द आहे.

वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीने तो रूढ केला. कादंबरी १८१९च्या अखेरीस बाहेर आली. कथा बाराव्या शतकातली. त्यात द ब्रेसी नावाचा सरदार स्वतःचे भालाईत बाळगून आहे. त्याने ते राजाला देऊ केले, राजाने नाकारले. तेव्हा तो ठरवतो की जहाज मिळवावे आणि फ्लँडर्स गाठावे. धामधुमीचे दिवस आहेत, कामाच्या माणसाला काम मिळेलच. त्याचे हे भालाईत म्हणजे ‘फ्री लान्सेस’. यातला ‘फ्री’ म्हणजे कुणाच्या इमानाला न बांधलेला. फुकट असा त्याचा अर्थ नाही, हे मला दरवर्षी एक-दोन प्रकाशकांना समजावावे लागते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाल्याच्या जागी लेखणी आली आणि शब्द पत्रकारांना लागू झाला. पण दोन लढायांच्या मधल्या काळात द ब्रेसीची माणसे काय खात होती, हा प्रश्न स्कॉटने विचारला नाही. कादंबरीत त्याची गरजही नव्हती. इतिहासात मात्र आहे, आणि त्याची उत्तरे ठिकठिकाणी वेगळी आहेत.

आधी इटली. चौदाव्या शतकात तिथल्या नगरराज्यांनी स्वतःचे नागरिक लढायला पाठवण्याऐवजी फौजा भाड्याने घ्यायला सुरुवात केली. या कराराला ‘कोन्दोत्ता’ म्हणत आणि तो करणाऱ्याला ‘कोन्दोत्तिएरे’. शब्दशः अर्थ कंत्राटदार, दुसरे काही नाही. करार ‘लान्स’च्या हिशेबाने होत. एक लान्स म्हणजे एक भाला नव्हे, तीन माणसे: चिलखती स्वार, त्याचा जोडीदार आणि एक पोऱ्या. फ्रान्समधून आलेल्या ‘व्हाइट कंपनी’ने ही मोजणी इटलीत रुजवली, पुढे जॉन हॉकवूड हा तिचा सर्वांत नावाजलेला सेनापती झाला. हत्याराचे नाव घ्यायचे आणि माणसे मोजायची. असे एक मोजमाप आपल्याकडेही चालू आहे. त्याकडे नंतर येते.

कोन्दोत्त्याचे दोन भाग असत. पहिला ‘फेर्मा’, म्हणजे पक्की मुदत. दुसरा ‘बेनेप्लाचितो’, म्हणजे मर्जीची मुदत. पक्की मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे नगरराज्य ठरवणार. फौजेने मात्र त्या मर्जीसाठी तयार राहायचे. शिवाय करार संपल्यावर काही काळ जुन्या मालकाविरुद्ध शस्त्र धरायचे नाही, अशीही अट असे. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदांतली ही भाषा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला परके असे काहीच वाटले नाही. ‘आवश्यकतेनुसार मुदत वाढवण्याचा अधिकार प्रकाशकाकडे राहील’ हे वाक्य मी स्वतः किती करारांत वाचले आहे, आणि पोटासाठी केलेल्या कायदेशीर अनुवादांत किती वेळा मराठीत लिहिले आहे.

फ्रांको साक्केत्ती या चौदाव्या शतकातल्या कथाकाराने हॉकवूडची एक गोष्ट सांगितली आहे. दोन भिक्षू त्याच्या दारी आले आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, देव तुला शांती देवो. हॉकवूडने उलट आशीर्वाद दिला: देव तुमची भिक्षा काढून घेवो. ते गोंधळले. तेव्हा तो म्हणाला की तुम्ही भिक्षेवर जगता तसा मी युद्धावर जगतो. शांती झाली तर मी उपाशी मरेन. गोष्ट विनोदी म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात दोन करारांमधल्या काळाचा पुरता हिशेब आहे. त्याची दुसरी बाजू फ्रान्सने भोगली. १३६०मध्ये ब्रेतिन्यीचा तह झाला, इंग्लंड आणि फ्रान्सचे युद्ध थांबले आणि हजारो भाडोत्री सैनिक एका दिवसात बेकार झाले. त्यांना परत पाठवण्याची, पोसण्याची कुणाचीच जबाबदारी नव्हती. त्यांनी टोळ्या केल्या आणि गावे लुटत ते दक्षिणेकडे उतरले. त्यातल्या एका टोळधाडीला ‘तार-व्हनू’ म्हणत, म्हणजे उशिरा आलेले. आधी येऊन गेलेल्यांनी फारसे काही शिल्लक ठेवले नव्हते म्हणून. १३६२मध्ये लियॉंजवळ ब्रिन्ये इथे अशा टोळ्यांनी राजाच्या फौजेचाच पराभव केला.

इटलीतल्या राज्यांनी हे पाहिले होते. रिकामी फौज दारात उभी राहणे परवडत नाही, हे त्यांना कळले. मग ‘आस्पेत्तो’ नावाचा करार निघाला. आस्पेत्तो म्हणजे वाट पाहणे. शांततेच्या काळात कमी दराने पैसे द्यायचे. सेनापतीने फक्त उपलब्ध राहायचे. वाट पाहण्याचे पैसे! त्यात दया नव्हती, भीती होती. पण रिकाम्या दिवसांनाही किंमत असते हे त्या कागदावर लिहिले गेले.

आता आपल्याकडे. ‘फ्रीलान्स’ला मराठीत नेमका जुना शब्द शोधायचा तर तो ‘शिलेदार’ आहे, आणि नेमका तोच आज वापरता येत नाही. वर्तमानपत्रांत ‘पक्षाचे शिलेदार’ असतात, म्हणजे पडेल ते काम करणारे निष्ठावंत. मूळ अर्थ जवळजवळ उलटा होता. अरबी ‘सिलाह’ म्हणजे हत्यार; सिलाहदार म्हणजे स्वतःचे हत्यार आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर. बारगीर पागेचा, शिलेदार स्वतःचा. शेजारच्या ‘नोकर’ या शब्दाचेही असेच झाले आहे. तो मंगोल भाषेतल्या ‘नोकोर’वरून फारसीमार्गे आला, त्याचा अर्थ सोबती, स्वेच्छेने एखाद्या सरदाराबरोबर गेलेला माणूस. डर्क कोल्फ या डच इतिहासकाराने १९९०मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या लष्करी मजुरीच्या बाजारावर पुस्तक लिहिले, त्यात ‘नोकरी’ म्हणजे हंगामापुरते घर सोडून शस्त्र घेऊन निघणे आहे. आज नोकरी म्हणजे कायम जागा, आणि ती नसेल तर माणूस ‘मुक्त’. शब्दांनी जागा बदलल्या आणि आपल्याला पत्ता लागला नाही.

शिलेदाराचे आर्थिक गणित समजून घ्यायचे तर ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात दिलेले शिवकालीन पगार पाहावेत. बारगीराला महिना दोन ते पाच होन, शिलेदाराला सहा ते बारा. वरवर पाहता शिलेदाराची चंगळ. पण मधला चार ते सात होनांचा फरक घोड्याचा आहे. घोडा विकत घेणे, त्याचा कडबा, हरभरा, नाल, खोगीर, दुखणेखुपणे, आणि मेला तर नवा. बारगीराचा घोडा मेला तर सरकारचा मेला. शिलेदाराचा मेला की त्याचे भांडवल, त्याचा धंदा, आणि बहुधा कर्ज फेडण्याची शक्यताही त्याच्याबरोबर मेली. म्हणून लढाईच्या ऐन भरात शिलेदार घोडा पुढे घालायला कचरतात, असे अनेक इंग्रज निरीक्षकांनी नाक मुरडून लिहिले आहे. मला यात भित्रेपणापेक्षा हिशेब जास्त दिसतो. ज्याची अवजारे स्वतःची, तो ती जपून वापरणारच.

आणि घोडा पावसाळ्यातही खातो. मोहिमेवर शत्रूच्या मुलखातला चारा, घरी आपला.

हा पावसाळा मराठी फौजांच्या वर्षाचा कणा होता. १६९७च्या सुमारास जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली, त्यात लष्कराचे सालाचे वेळापत्रक येते. पावसाळ्यात फौज आपल्या मुलखात छावणीला यायची. तिथे दाणा, गवत, औषधे आधीच साठवलेली, घरे शाकारलेली. दसरा झाला की कूच. निघताना लहानथोर सगळ्यांच्या वस्तूंची यादी करायची. आठ महिने परमुलखात काढून वैशाखात परत, तेव्हा सरहद्दीवरच झडती. यादीपेक्षा जास्त जे निघेल ते हिशेबात धरायचे. मग सरदारांनी राजाला हिशेब समजावायचे. हा मजकूर एरवी शिस्तीचे उदाहरण म्हणून वाचला जातो. मी तो सुट्टीच्या इतिहासाचे कागद म्हणून वाचते. चार महिन्यांचा खळ कुणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्याची तरतूद निघण्याआधी झालेली आहे, आणि साठवलेले गवत हा इथे राज्यकारभाराचा विषय आहे.

मोगलांकडे हीच गोष्ट अधिक कोरडेपणाने होती. शाहजहानच्या काळात जहागिरीचे प्रत्यक्ष उत्पन्न कागदावरच्या पगाराला पुरेना, तेव्हा जहागिरी ‘बारामाही’, ‘आठमाही’, ‘सहामाही’ अशा ठरू लागल्या. म्हणजे वर्षातले किती महिने पगार हातात पडणार. जितके महिने कमी, तितके घोडेही कमी बाळगण्याची सवलत. वर्ष बारा महिन्यांचे असते हे सगळ्यांना माहीत होते. प्रश्न एवढाच होता की त्यातले किती महिने मोजायचे.

पेशवाईत मोहिमा लांबल्या, फौजा वाढल्या आणि फौजेत शिलेदारांचे प्रमाणही वाढले. राज्याच्या दृष्टीने ते सोयीचे होते. पागा बाळगायचा खर्च वाचला. शिलेदाराला चाकरीवर बोलावताना ‘नालबंदी’ दिली जाई. म्हणजे घोड्याला नाल ठोकण्यापासून खोगीर दुरुस्त करण्यापर्यंतच्या तयारीसाठी आगाऊ रक्कम. शब्द सुरेख आहे. काम सुरू होण्याआधी कामाच्या अवजाराला पैसे लागतात, हे त्या एका शब्दात मान्य केले होते. पण छावणीच्या चार महिन्यांचा भार आता बहुतांशी शिलेदाराच्या गावावर, त्याच्या शेतावर आला. पेरणीला तो हजर असे आणि कापणीला बहुधा नसे. मागे शेत राखणारी घरची माणसे आणि बायका फौजेच्या कुठल्याही हजेरीपटावर नव्हत्या, तरी फौज त्यांच्या जिवावर उभी होती.

ही व्यवस्था चालली याचे एक कारण सहज नजरेतून सुटते. पावसाळ्यात नद्या सगळ्यांनाच अडवत. भीमा, गोदावरी, तापी दुथडी भरल्या की आपलेही स्वार घरी आणि समोरच्याचेही घरी. आपण विश्रांती घेतली म्हणून दुसरा आपले काम घेऊन जाईल, ही धास्ती नव्हती. सुट्टी एकट्याची नसली तरच ती निवांत घेता येते. म्हणून ज्या वर्षी हा खळ मोडला, ती वर्षे पाहावीत.

१७६०च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. त्या वर्षीचा पावसाळा फौजेने घरी नाही, यमुनाकाठी काढला. दिल्ली ऑगस्टात हाती आली. घरचा चारा नाही, गावचा आधार नाही, पैशाची चणचण एवढी की दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडावी लागली. पुढचे पानिपत सर्वांना माहीत आहे. पराभवाची कारणे सांगताना तोफा, सरदारांमधली दुही, बुणग्यांची गर्दी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १४ जानेवारी १७६१च्या सकाळी जे घोडे उपाशी उभे होते, त्यांच्या वर्षात पावसाळ्याची विश्रांती नव्हती, हेही त्या यादीत असायला हरकत नाही.

दुसरे वर्ष १८०३. आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्यावर चाल केली ती ऐन पावसाळ्यात, आणि ठरवून. त्याचा विचार असा होता की भरलेल्या नद्या मराठ्यांच्या हलक्या घोडदळाला अडवतात, आपल्याजवळ मात्र नावा आहेत. ८ ऑगस्टला अहमदनगरची पेठ पडली, १२ तारखेला किल्ला. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, तेव्हा दसरा तोंडावर होता आणि सीमोल्लंघन अजून व्हायचे होते. बारमाही पगारी फौज पावसात उतरली आणि हंगामी फौजेची सुट्टी कायमची संपली. आपण झोपलो असताना जागे राहून काम करणारा कुणीतरी आहे, ही जाणीव मला तरी त्या तारखांमध्ये स्पष्ट दिसते. हल्ली ती रात्री साडेअकराच्या ईमेलमधून येते.

थकलेला पगार वसूल कसा करायचा, हाही याच इतिहासाचा भाग आहे. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर राजपुतान्यातून हिंडत होता. त्याची पत्रे १८१३मध्ये छापली गेली. त्यांत धरण्याचे वर्णन आहे. ज्याचे येणे आहे तो देणेकऱ्याच्या दारात बसतो आणि जेवत नाही; दारात माणूस उपाशी असेपर्यंत घरातल्यानेही जेवायचे नाही. शिंद्यांचे कारभारीही यातून सुटले नाहीत. बिले थकवणाऱ्यांना चार-चार स्मरणपत्रे पाठवून दमलेल्या माणसाला हे वाचून हेवा वाटावा. धरण्यात ताकद होती ती समोरासमोर असण्याची. शिपाई आणि कारभारी एकाच तळावर राहत होते, एकमेकांच्या चुलीचा धूर त्यांना दिसत होता.

ती छावणी पुढच्याच वर्षी, १८१०मध्ये, ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली उतरली आणि पुन्हा हलली नाही. तंबूंच्या जागी घरे आली, बाजार आला, आणि त्या शहराचे नाव आजही ‘लष्कर’ आहे. त्याच्या एका भागाचे नाव कंपू, म्हणजे ‘कँप’. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, धार इथल्या मराठी घरांचा इतिहास आपण सरदारांचा म्हणून सांगतो. पण त्यांच्या मागून आलेले कितीतरी कारकून, स्वार आणि कारागीर ‘पावसाळ्यापुरते’ म्हणून उतरले आणि राहिले. महाराष्ट्राबाहेरची मराठी, जिच्यामुळे माझ्यासारखीला दोन भाषांत जगता येते, ती काही अंशी न संपलेल्या छावणीची मराठी आहे.

ज्यांना कुठल्याच छावणीत जागा नव्हती त्यांचे काय झाले हे पेंढाऱ्यांच्या बाबतीत दिसते. त्यांना पगार नव्हता; लुटीचा परवाना हाच मोबदला. शिंदे-होळकरांच्या फौजांचे काम घटले तसे हे सुटे स्वार स्वतःच्या हिमतीवर मुलूख मारू लागले. १८१७-१८च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बंदोबस्त केला. अमीरखान पठाण हा काही पेंढारी नव्हता, पण भाड्याच्या फौजेचा धनी होता. त्याला टोंकचे संस्थान मिळाले. करीमखानाला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितू शरण गेला नाही. १८१९मध्ये असीरगडाजवळच्या जंगलात त्याला वाघाने मारले. ब्रिन्येच्या टोळ्यांचेच हे भाऊबंद.

शिलेदारी मात्र संपली नाही. कंपनीने ती उचलली, कारण स्वस्त होती. स्किनर्स हॉर्स, पूना हॉर्स यांसारखी रिसाले या पद्धतीवर चालत. स्वाराने घोडा आणि सरंजाम स्वतः आणायचा किंवा त्याचे पैसे भरायचे. त्या जागेला ‘असामी’ म्हणत आणि ती विकत घेता येई. इथे स्वारांनी एक गोष्ट केली जी शिलेदारांना जमली नव्हती. दरमहा थोडे पैसे टाकून ‘चंदा’ उभा केला. कुणाचा घोडा मेला तर चंद्यातून नव्या घोड्याला मदत. पहिल्या महायुद्धात घोडे इतक्या झपाट्याने मेले की कुठलाच चंदा पुरेना, आणि १९२१च्या फेररचनेपर्यंत शिलेदारी पद्धत इतिहासजमा झाली.

तोवर मुंबईच्या गिरण्यांच्या दारात दुसरीच माणसे उभी होती. बदली कामगार रोज सकाळी फाटकावर यायचे. कुणी गैरहजर असेल तर आज काम, नसेल तर परत. १९३५मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कार्डांची योजना आणली: दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक जणांना कार्ड, आणि त्यांनी रोज हजर व्हायचे. उपलब्ध राहायचे, पण आस्पेत्तोविना. मग रिकाम्या दिवसांत त्यांना कोण पोसत होते? राजनारायण चंदावरकरांनी आपल्या ग्रंथात दाखवले आहे की कोकणातली आणि घाटावरची गावे शहराच्या मजुरीचा भार वाहत होती. आजारपण, बाळंतपण, मंदी, संप, म्हातारपण हे सगळे गावाकडे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि लांबत गेला, तेव्हा हजारो कामगार एसटीने गावी परतले. छावणी अजून शाबूत होती. तिथे गवत कुणी साठवले होते, असे मात्र नव्हे.

आता ते मोजमाप, ज्याकडे नंतर येते म्हटले होते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची टोळी निघते. मोजणी कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लान्सप्रमाणेच हत्याराचे नाव, आणि आत माणसे. निघण्याची वेळ शिलेदाराचीच, परतण्याचीही साधारण तीच, पावसाआधी. आणि मधल्या रिकाम्या महिन्यांसाठी मुकादमाची ‘उचल’ असते. पण नालबंदी हा चाकरीचा भाग होता आणि उचल हे कर्ज आहे. पुढच्या हंगामाचा ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर त्याच्या पुढच्या हंगामात. खळाचा खर्च इथे खळ भोगणाऱ्याच्याच नावावर चढतो. हंगामात एक दिवस कामावर न गेल्यास ‘खाडा’, आणि त्याचा दंड. २०१९मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा त्यामागच्या कारणांत हा खाडाही होता. पाळीचे चार दिवससुद्धा परवडत नाहीत, असे त्या बायका सांगत होत्या. माझ्या व्यवसायातल्या रिकाम्या दिवसांविषयी लिहिताना मी हे शेजारी ठेवते ते तुलनेसाठी नाही. माझ्याकडे पुस्तके आहेत, पंखा आहे. पण व्याकरण एकच आहे, आणि अनुवादकाला व्याकरण दिसल्यावर न दिसल्यासारखे करता येत नाही.

फ्रान्समध्ये, जिथे ते उशिरा आलेले टोळीवाले हिंडले, तिथे विसाव्या शतकात एक निराळा प्रयोग झाला. १९३६मध्ये चित्रपटांतल्या तंत्रज्ञांसाठी, आणि पुढे रंगभूमी-संगीतातल्या कलावंतांसाठीही, दोन कामांमधल्या काळाचा भत्ता सुरू झाला. त्यांना ‘अँतेरमितां’ म्हणतात, म्हणजे खंडाखंडाने काम करणारे. साधारण वर्षभरात ५०७ तासांचे काम दाखवले की मधल्या दिवसांना भत्ता. तत्त्व असे की तालीम, वाचन, शोध, नुसते पडून राहणे, हे सारे पुढच्या कामातच मुरते. २००३मध्ये सरकारने या नियमांना कात्री लावली तेव्हा कलावंतांनी असा संप केला की त्या वर्षीचा आव्हीन्याँचा नाट्योत्सव रद्द झाला. वाद अजून मिटलेला नाही. दर काही वर्षांनी कुणीतरी मंत्री हे लाड कशाला म्हणून विचारतो. पण निदान प्रश्न तिथे हिशेबाच्या वहीत आहे.

आपल्याकडे अनुवादाचा दर शब्दावर ठरतो. शब्द मोजता येतात. जादवपूरला तौलनिक साहित्य शिकताना एका कवितेवर दोन महिने घालवणे हा अभ्यास होता. बाजारात तेच दोन महिने रिकामे धरले जातात. एका कादंबरीचा अनुवाद संपल्यावर त्या लेखकाची वाक्ये कानातून जायला मला साधारण सहा आठवडे लागतात. ती गेल्याशिवाय दुसरे पुस्तक धरले तर दुसरा लेखक पहिल्यासारखा बोलू लागतो. हे सहा आठवडे मी पूर्वी ‘सुट्टी’ म्हणायचे. आता छावणी म्हणते. वर्षाच्या सुरुवातीलाच ते आखून ठेवते आणि त्यांचा खर्च उरलेल्या महिन्यांच्या दरात घालते. बारा महिन्यांचे भाडे भागिले साडेदहा. दर ऐकून काही जण पुन्हा फोन करत नाहीत, आणि त्या आठवड्यांत आलेले काम दुसरीकडे जाते, असईच्या नियमाने. चार अनुवादक मैत्रिणी मिळून आम्ही एकमेकींच्या छावणीच्या तारखा सांभाळतो. एकीचे आलेले काम दुसरी घेते आणि मुदत संपल्यावर तो ग्राहक परत करते. आतापर्यंत तरी परत केला आहे. दरमहा प्रत्येकीचे पाचशे रुपये एका खात्यात जातात. गेल्या श्रावणात एकीचा संगणक बंद पडला, त्याची दुरुस्ती त्यातून झाली.

नव्या करारांच्या मसुद्यात पहिल्या हप्त्याचे कलम असते, सही झाल्यावर तीस टक्के. त्याच्या शीर्षकात मी ‘नालबंदी’ असे लिहिते. एका संपादकांनी त्यावर लाल शाईत प्रश्नचिन्ह काढून परत पाठवले होते. त्यांना मी दोन पानांचे उत्तर लिहिले. त्यातूनच हा लेख झाला. शब्द त्यांनी बदलला, तीस टक्के मात्र दिले.